रात्रीची ओव्हर नीट पोचते का? रेसिडेंटच्या प्रशिक्षणावरचा अभ्यास कसा बांधावा

रेसिडेंट डॉक्टरांच्या (रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांच्या) शिक्षणावरच्या अभ्यासाचा एक ठरलेला साचा आहे. दुपारी कार्यशाळा, तिच्याआधी वीस प्रश्नांची चाचणी, संपल्यावर तीच चाचणी, गुण वाढले, पी ०.००१ पेक्षा कमी, म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसणं फार अवघड. यातून एवढंच कळतं की दोन तासांपूर्वी ऐकलेलं माणसाला आठवतं. रात्री दोन वाजता वॉर्डात त्याच रेसिडेंटच्या हातून काही वेगळं घडलं का, हे त्यातून कळत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: शिकणाऱ्याला आवडलं का, तो शिकला का, त्याचं वागणं बदललं का आणि शेवटी त्याचा फायदा झाला का. आपले अभ्यास पहिल्या दोन पायऱ्यांवर बसून राहतात, कारण त्या सभागृहात मोजता येतात. तिसरी मोजायला वॉर्डात जावं लागतं. ती एका विभागात, पैशांशिवाय, सहा-सात महिन्यांत कशी मोजायची, ते इथे एकाच उदाहरणावरून पाहू. उदाहरण मेडिसिन विभागातल्या ओव्हरचं आहे. ड्युटी संपवणारा रेसिडेंट ड्युटीवर येणाऱ्याला रुग्ण सोपवतो, ती ओव्हर.

ओव्हरच का?

कामाचे तास कमी करायचे तर रुग्ण जास्त वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जाणार. अमेरिकेत १९८४ मध्ये लिबी झायन या तरुणीचा न्यूयॉर्कच्या रुग्णालयात मृत्यू झाला, त्यातून १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने रेसिडेंटच्या तासांवर मर्यादा घातली आणि २००३ पासून देशभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा लागू झाली. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ५ जून १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी आणि आठवड्याला ४८ तास काम असावं, असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत 'वाजवी तास' आणि 'वाजवी विश्रांती' एवढेच शब्द आहेत. मार्ड या महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या मागण्यांत हा विषय पुन्हा पुन्हा येतो तो उगाच नाही. तास कमी व्हायलाच हवेत. पण ते होतील तेव्हा ओव्हर दुप्पट होतील, आणि ओव्हर द्यायला आपण कुणालाच शिकवत नाही.

उत्तर अमेरिकेतल्या ९ बालरुग्ण विभागांत 'आय-पास' नावाची ओव्हरची पद्धत शिकवली गेली. २०१४ मध्ये निकाल आला. १०,७४० भरती रुग्णांमध्ये वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, आणि ओव्हरला लागणारा वेळ वाढला नव्हता. मात्र ९ पैकी ६ ठिकाणीच चुकांतली घट ठळक होती. म्हणून 'तिकडे सिद्ध झालंय, मग मोजायचं कशाला' असं म्हणू नका. तुमचं युनिट (विभागातली डॉक्टरांची एक तुकडी आणि तिचे रुग्ण) त्या सहांत बसेल की उरलेल्या तिघांत, ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

आधी ओझं मोजायला शिका

या विषयात पडणाऱ्या प्रत्येकाने अमेरिकेतला २०२० चा 'रोस्टर्स' हा अभ्यास समजून घ्यावा. सहा बालरुग्ण अतिदक्षता विभागांत रेसिडेंटच्या २४ तासांच्या सलग ड्युट्या बंद केल्या. २००४ मध्ये याच गटातल्या संशोधकांना लांब ड्युटीत इंटर्नकडून सुमारे ३६ टक्के जास्त गंभीर चुका आढळल्या होत्या, त्यामुळे या वेळी चुका कमी होतील अशी अपेक्षा होती. झालं उलटं. लहान ड्युट्यांत चुका वाढल्या. कारण शोधलं तेव्हा दिसलं की लहान ड्युट्यांत एका रेसिडेंटकडे सरासरी ८.८ रुग्ण होते, लांब ड्युट्यांत ६.७. माणसं तेवढीच ठेवून ड्युट्या तोडल्या होत्या. रुग्णसंख्येचा हिशेब धरल्यावर वाढलेल्या चुकांचं खापर ड्युटीच्या लांबीवर फोडता येईना.

आपल्याकडे हा धोका कितीतरी मोठा आहे, कारण आपलं ओझं ऋतूप्रमाणे बदलतं. जुलै ते ऑक्टोबर मेडिसिनच्या वॉर्डात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो. खाटा भरून जमिनीवर गाद्या. ऑगस्टमध्ये 'आधीचं' मोजलं, सप्टेंबरात प्रशिक्षण दिलं आणि डिसेंबरात 'नंतरचं' मोजलं, तर ओव्हर सुधारलेली दिसणारच. श्रेय मात्र थंडीचं असेल. म्हणून तुमच्या निरीक्षणाच्या प्रत्येक कागदावर, काहीही झालं तरी, हे पाच आकडे हवेत: युनिटात त्या वेळी भरती असलेले रुग्ण, ओव्हर घेणाऱ्याकडे रात्री असणारे रुग्ण, गेल्या २४ तासांतल्या नव्या भरती, ड्युटीवर हजर असलेले रेसिडेंट आणि ओव्हर देणाऱ्याची गेल्या २४ तासांतली झोप. झोप अर्ध्या तासाच्या हिशेबात विचारा. 'झोप झाली का?' असं विचारलंत तर सगळे हो म्हणतात.

प्रश्न एका वाक्यात

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहायच्या आधी हे वाक्य कागदावर उतरलं पाहिजे: 'मेडिसिनच्या जेआर-१ आणि जेआर-२ ना (पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटना) एक तासाचं ओव्हरचं प्रशिक्षण आणि दोन आठवड्यांचा वॉर्डातला सराव दिला, तर ज्या रुग्णांची राहिलेली कामं आणि बिघडल्यास करायचं काम ओव्हरमध्ये स्पष्ट सांगितलं जातं त्यांचं प्रमाण, प्रशिक्षण न मिळालेल्या युनिटांच्या तुलनेत वाढतं का?' कोण, काय, कशाशी तुलना, कशात फरक, हे चारही त्यात आहे. मुख्य मोजमाप एकच ठेवा. समाधान, ज्ञान, बर्नआउट, चुका, रुग्णाचा मुक्काम असं सगळं एकत्र मोजायला गेलात तर काहीतरी योगायोगाने 'सिग्निफिकंट' निघेल आणि त्याच्यावर प्रबंध उभा राहील.

मृत्युदर हे मोजमाप घेऊ नका. एका विभागात सहा महिन्यांत तो ओव्हरमुळे हलला हे दाखवायला लागणारी रुग्णसंख्या तुमच्याकडे नसते.

पूर्ण ओव्हर म्हणजे काय, हे एका खाटेवर ठरवा

आय-पासचे पाच भाग मराठीत असे सांगता येतील: रुग्ण किती गंभीर, त्याचं थोडक्यात काय झालंय, राहिलेली कामं, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने हे सगळं आपल्या शब्दांत परत सांगणं. कागदावर हे सोपं दिसतं. निरीक्षकाला टिक कधी करायची, हे मात्र उदाहरणाशिवाय ठरत नाही.

खाट १४. नेहमीची ओव्हर अशी असते: 'चौदा डेंग्यू, प्लेटलेट अडतीस, स्टेबल आहे, सकाळी रिपीट पाठव, रात्री जरा बघ.' यात गंभीरपणा सांगितलाय का? 'स्टेबल' हा शब्द आलाय, पण तापाचा पाचवा दिवस, ताप नुकताच उतरलेला, म्हणजे प्लाझ्मा (रक्तातला द्रव) रक्तवाहिन्यांतून गळण्याचा काळ. हे सांगितलेलंच नाही. 'जरा बघ' हे काम नाही. कधी बघायचं, काय बघायचं आणि बघून काय करायचं, ते त्यात नाही.

तीच खाट, पूर्ण ओव्हर (हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातलं पेशींचं प्रमाण, एसआर म्हणजे सीनियर रेसिडेंट): 'चौदा, लक्ष ठेवायचा पेशंट. डेंग्यू, पाचवा दिवस, ताप आज दुपारी उतरला. हिमॅटोक्रिट सकाळी ४२, संध्याकाळी ४६. राहिलेलं काम: अकराला हिमॅटोक्रिट, दर दोन तासांनी बीपी आणि लघवीचं माप. बीपीच्या वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर २० वर आलं किंवा हातपाय गार पडले तर रिपोर्टची वाट बघू नकोस, ठरलेलं फ्लुइड वाढव आणि लगेच एसआरला फोन कर. आता तू सांग, काय करशील?' याला वीस-तीस सेकंद जास्त लागतात. प्रत्येक रुग्णाला एवढं लागत नाही. डिस्चार्जच्या वाटेवरच्या रुग्णाला एक वाक्य पुरतं, आणि ते पुरेसं आहे हेही निरीक्षकाच्या सूचनांत लिहून ठेवावं लागतं.

टिक करण्याचा नियम कडक ठेवा. राहिलेलं काम 'सांगितलं' असं तेव्हाच धरायचं, जेव्हा काम आणि वेळ दोन्ही सांगितले. बिघडल्यास काय करायचं हे 'सांगितलं' असं तेव्हाच धरायचं, जेव्हा कोणती खूण आणि कोणती कृती दोन्ही सांगितल्या. 'काही झालं तर फोन कर' याला टिक नाही. राहिलेलं काम खरोखरच नसेल आणि देणाऱ्याने 'काही पेंडिंग नाही' असं मोठ्याने सांगितलं, तर टिक. न बोलता पुढच्या खाटेवर गेला, तर नाही.

याच्या जोडीला आणखी एक मोजमाप घ्या. माझ्या मते ते टिकच्या कागदापेक्षा बोलकं आहे. ओव्हर संपल्यावर पंधरा मिनिटांनी, घेणाऱ्या रेसिडेंटला युनिटातल्या सर्वांत गंभीर दोन रुग्णांबद्दल प्रत्येकी दोन प्रश्न विचारा: रात्री याचं काय करायचंय? काय झालं तर काय करशील? उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या आणि देणाऱ्याने सांगितलेल्याशी ताडून पाहा. दिलेली ओव्हर आणि पोचलेली ओव्हर यांतला फरक इथे उघडा पडतो. एक पथ्य: पोचलेल्या माहितीत धोकादायक चूक दिसली, तर निरीक्षकाने उत्तर नोंदवून तिथल्या तिथे ती सुधारायची. आकडे खराब होतील म्हणून गप्प बसायचं नाही. हा नियम प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा, एथिक्स कमिटी तो विचारतेच.

निरीक्षक कोण, आणि त्यांचं जमतं का

त्याच युनिटातला लेक्चरर निरीक्षक नको, त्याच्यासमोर कुणीही सुधारलेली ओव्हर देईल. दुसऱ्या विभागातला एसआर, पीएसएमचा (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा) रेसिडेंट किंवा नर्सिंग ट्यूटर चालतो. तीन निरीक्षक घ्या. कोणतं युनिट प्रशिक्षण घेतलेलं आहे, हे त्यांना सांगू नका. पूर्ण लपत नाही, पण सांगू तरी नये.

निरीक्षकांनी आधी एकत्र ४० रुग्णांच्या ओव्हर पाहून स्वतंत्रपणे टिक करावी आणि मग कप्पा काढावा, म्हणजे योगायोगाने जुळणारी मतं वजा करून खरी सहमती किती ते सांगणारा आकडा. नुसती टक्केवारी फसवते. समजा, दोघांनी १८ रुग्णांना 'हो' म्हटलं, १४ ना 'नाही', पहिल्याने हो आणि दुसऱ्याने नाही असे ५, उलटे ३. सहमती ३२ भागिले ४०, म्हणजे ८० टक्के. छान वाटतं. पण पहिल्याचे एकूण 'हो' २३ आणि दुसऱ्याचे २१, त्यामुळे नुसत्या योगायोगानेच सुमारे ५० टक्के सहमती झाली असती. कप्पा येतो ०.६०. हा काठावरचा आहे. ज्या ८ रुग्णांवर मतभेद झाला ते घेऊन बसा, टिक करण्याच्या नियमात एकेक वाक्य वाढवा आणि नव्या ४० रुग्णांवर पुन्हा मोजा. ०.७ च्या वर गेल्याशिवाय खरा अभ्यास सुरू करू नका. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक प्रबंधांत तेच गाळलेलं असतं. निरीक्षकच एकमेकांशी जुळत नसतील, तर शेवटी दिसलेला फरक प्रशिक्षणाचा की निरीक्षकाचा, हे कुणीच सांगू शकत नाही.

रचना आणि कॅलेंडर

एकाच युनिटात आधी-नंतर मोजणं सर्वांत सोपं आणि सर्वांत कच्चं. जेआर-१ तीन महिन्यांत तसाही शहाणा होतो. त्याची ओव्हर तुमच्या कार्यशाळेशिवायही सुधारली असती. म्हणून तुलनेचा गट हवाच.

रेसिडेंटगणिक चिठ्ठ्या टाकून गट पाडू नका. एकाच युनिटातल्या दोघांपैकी एकाला शिकवलं तर दुसरा आठवड्यात ऐकून शिकतो, हॉस्टेलची खोलीही तीच असते. चिठ्ठी युनिटची टाका. चार युनिटं असतील तर: चार आठवडे चारही युनिटांत मोजणी, मग चिठ्ठीने निघालेल्या दोन युनिटांना प्रशिक्षण, दोन आठवडे सराव, त्या काळात मोजणी नाही, मग पुन्हा चार आठवडे चारही युनिटांत मोजणी, आणि शेवटी उरलेल्या दोन युनिटांना तेच प्रशिक्षण. शेवटची पायरी फक्त न्यायासाठी नाही. 'आम्हालाही मिळणार आहे' हे माहीत असलं की थांबलेल्या युनिटांचं सहकार्य टिकतं.

आता कॅलेंडर उघडा. जिल्हा रेसिडेन्सी कार्यक्रमाचे तीन महिने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात येतात. कोणता जेआर कधी जिल्हा रुग्णालयात जाणार, याची यादी विभागाच्या कार्यालयातून आधी घ्या, नाहीतर प्रशिक्षण दिलेले निम्मे लोक मोजणीच्या वेळी वॉर्डातच नसतील. जेआर-३ परीक्षेच्या आधी अभ्यासाच्या रजेवर जातात. गणपती-दिवाळीत ड्युट्यांची अदलाबदल होते आणि एका युनिटाचा माणूस दुसऱ्या युनिटाची रात्र सांभाळतो. नीट पीजीच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या की नवी बॅच कधी येईल याचा नेम नाही. नव्या बॅचच्या पहिल्या सहा आठवड्यांत मोजणी सुरू करू नका. तेव्हा ती मुलं रक्त गोळा करणं आणि रिपोर्ट शोधणं यातच बुडालेली असतात.

किती ओव्हर पाहायच्या

सध्या ४० टक्के रुग्णांची ओव्हर पूर्ण होते आणि ती ६० टक्क्यांवर न्यायची आहे, असं धरू. (४० हा आकडा मनाने घेऊ नका, एका आठवड्याच्या चाचणी-मोजणीतून काढा.) ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याचा धोका) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक पकडण्याची शक्यता) धरून एका गटाला: ७.८४ (या दोन्हींतून येणारा आकडा) गुणिले (०.४×०.६ + ०.६×०.४), भागिले ०.२ चा वर्ग. उत्तर ९४.०८, म्हणजे ९५ रुग्ण.

इथे थांबणं ही नेहमीची चूक. एकाच ओव्हरमधले आठ रुग्ण एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. देणारा दमलेला असला तर आठही खाटांची ओव्हर वाईट होते. गटातल्या साम्याचा गुणांक ०.१ धरला, तर फुगवटा १ + (८ – १)×०.१ = १.७. ९५ चे झाले १६२. १५ टक्के निरीक्षणं वाया जाणार धरून १९१. म्हणजे आठ रुग्णांच्या २४ ओव्हर, प्रत्येक गटात, प्रत्येक टप्प्यात. दोन गट, दोन टप्पे, एकूण ९६ ओव्हर. एकेक चाळीस मिनिटांची धरली तर निरीक्षणाचेच ६४ तास. युनिटामागे आठवड्याला तीन ओव्हर आणि निरीक्षकामागे चार. हे जमण्यासारखं आहे.

दोन गोष्टी सांख्यिकीतज्ज्ञाकडे आधीच बोला. हा आकडा प्रशिक्षणानंतरच्या दोन गटांच्या तुलनेसाठी आहे. दोन गटांतला 'आधीपासूनचा बदल' ताडायचा असेल तर संख्या जवळपास दुप्पट लागते. आणि युनिटं चारच आहेत. निरीक्षणं कितीही वाढवली तरी युनिटं चारच राहतात. त्यामुळे निकाल लिहिताना प्रत्येक युनिटाचे आधीचे-नंतरचे आकडे वेगवेगळे छापा, पी-व्हॅल्यूच्या मागे लपू नका.

पदाची उतरंड हाच सर्वांत मोठा अडथळा

रेसिडेंटची संमती एचओडीने (विभागप्रमुखाने) घेतली तर ती संमती नाही. ज्याच्या सहीवर प्रबंध पुढे जातो, ज्याच्या हातात अंतर्गत मूल्यमापन आहे, त्याला 'नाही' कोण म्हणणार? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी आणि हाताखालचे कर्मचारी यांच्या बाबतीत हीच काळजी घ्यायला सांगितलं आहे. संमती दुसऱ्या विभागातल्या व्यक्तीने घ्यावी, तीही एकेकट्याकडून, क्लिनिकल मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर हात वर करायला लावून नव्हे. कोणी दिली, कोणी नाकारली, हे विभागाला कळता कामा नये.

प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक द्या. क्रमांक आणि नाव यांची यादी विभागाबाहेर, कुलूपबंद. निरीक्षणाच्या कागदावर रुग्णाचं नाव आणि आयपीडी क्रमांक लिहू नका, खाट आणि तारीख पुरते, आणि ताडणी झाली की तेही खोडा. छोट्या विभागात 'युनिट ३ ची जेआर-२ मुलगी' एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून तक्त्यांत लिंग आणि वर्ष एकत्र छापू नका. मोजणीचे आकडे शिक्षेसाठी, गुणांसाठी, कारणे दाखवा नोटिशीसाठी वापरले जाणार नाहीत, असं विभागप्रमुखाच्या सहीचं पत्र संमतिपत्राला जोडा. अभ्यास टिकतो तो या एका कागदावर.

'शिक्षणावरचा अभ्यास आहे, मंजुरी कशाला?' असं समजू नका. पूर्ण तपासणी, जलद तपासणी की सूट, हे एथिक्स कमिटी ठरवते, संशोधक नाही. मोजणी झाल्यावर मागितलेली मंजुरी मिळत नाही आणि चांगलं नियतकालिक तो लेख घेत नाही. रुग्णाच्या प्रकृतीवर होणारा परिणाम मोजणार असाल तर सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे उशिराची नोंदणी होत नाही.

प्रशिक्षण कसं द्यायचं

एक तास. पहिली दहा मिनिटं खाट १४ च्या दोन ओव्हर ऐकवून फरक विचारायचा. पाच मिनिटं पाच भाग. मग तिघातिघांचे गट: एक देणारा, एक घेणारा, एक टिक करणारा, आणि खऱ्या रुग्णांवर बेतलेल्या पण नावं बदललेल्या तीन केसेस, दर केसला भूमिका बदलून. तीस मिनिटं यालाच द्या. उरलेल्या वेळात खिशात मावेल असं कार्ड वाटा आणि युनिटात ओव्हरची जागा-वेळ ठरवून घ्या. दुपारची वेळ आणि पोस्ट-इमर्जन्सी युनिट हे एकत्र आणू नका. रात्रभर जागलेल्या माणसाला शिकवून काही होत नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे खरे महत्त्वाचे. युनिटाच्या एसआरने आठवड्यातून दोनदा ओव्हरला उभं राहून, संपल्यावर फक्त एक चांगली गोष्ट आणि एक राहिलेली गोष्ट सांगायची. एसआरला आधी तयार केलं नाही तर सगळं वाया जातं. 'एवढं बोलत बसू नकोस, लिस्ट दे आणि जा' हे वाक्य सीनियरच्या तोंडून एकदा आलं की कार्ड पुन्हा खिशाबाहेर येत नाही. कोणत्या युनिटात एसआर किती वेळा उभा राहिला, त्याची नोंद ठेवा. फरक दिसला नाही तर पहिलं उत्तर तिथे सापडतं.

मोजणीत काय बिघडतं

निरीक्षक उभा आहे म्हटल्यावर पहिल्या चार-पाच ओव्हर वरच्या दर्जाच्या होतात. दोन्ही गटांत निरीक्षक एक आठवडा नुसते उभे करा आणि त्या आठवड्याचे आकडे फेकून द्या. कोणत्या दिवशी निरीक्षण, हे चिठ्ठीने ठरवा आणि निरीक्षकालाही त्याच सकाळी कळू द्या. इमर्जन्सीचा दिवस, पोस्ट-इमर्जन्सी आणि साधा दिवस यांचं प्रमाण दोन्ही टप्प्यांत सारखं ठेवा. सोयीचं म्हणून साधेच दिवस पाहिले, तर जिथे ओव्हर तुटते ती रात्र तुमच्या आकड्यांत कधी येतच नाही. ओव्हर झालीच नाही, म्हणजे देणारा व्हॉट्सअॅपवर यादी टाकून गेला, तर तो कागद 'निरीक्षण रद्द' म्हणून फाडू नका. ती शून्य गुणांची ओव्हर आहे, आणि असे शून्य किती आले हा स्वतंत्र निकाल आहे.

थकव्याची प्रश्नावली जोडायची असेल तर बर्नआउटची कोपनहेगन प्रश्नावली घ्या: १९ प्रश्न, मोफत. मॅस्लॅकची २२ प्रश्नांची विकत घ्यावी लागते, आणि परवानगीशिवाय वापरली तर लेख अडतो. नैराश्याचा पीएचक्यू-९ लावण्याआधी थांबा. त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला 'हो' आलं आणि फॉर्म निनावी असला, तर त्या मुलाला गाठणार कसं? त्या प्रश्नाच्या उत्तराची जबाबदारी घ्यायला मानसोपचार विभागातली एक व्यक्ती आधी ठरवा, फॉर्मवरच तिच्यापर्यंत पोचण्याची वाट आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा. हे जमणार नसेल तर पीएचक्यू-९ लावू नका.

आकडे झाल्यावर

दहा-बारा रेसिडेंटशी अर्धा-अर्धा तास बोला. विचारणारा विभागाबाहेरचा, प्रश्न मोकळे: कालची ओव्हर घेताना काय राहिलं असं वाटलं? कार्ड कधी वापरावंसं वाटत नाही? बोलतील त्या मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणातच लिहून काढा, भाषांतर नंतर. ओव्हर का बिघडते याची कारणं इथे येतात: बसायला जागा नाही, मध्येच कॅज्युअल्टीचा कॉल, घेणारा दुसरीकडे अडकलेला. यांतली निम्मी कारणं शिकवून सुटणारी नाहीत, ती रोस्टरने आणि माणसं वाढवून सुटतील. लेखात ते तसंच लिहा. ओझ्याचं उत्तर प्रशिक्षणात शोधणं हा रेसिडेंटवर अन्याय आहे.

विश्लेषणात पाच ओझ्याचे आकडे धरून आणि न धरून, दोन्ही निकाल द्या. ओझं धरल्यावर फरक नाहीसा झाला तर तोच तुमचा निकाल, आणि तो विभागप्रमुखासमोर ठेवण्यासारखा आहे: एका रेसिडेंटकडे किती रुग्ण असेपर्यंत ओव्हर टिकते, याचा आकडा तुमच्या हाती असेल.

आकडे परिषदेत जाण्याआधी ज्या रेसिडेंटनी दिले त्यांना दाखवा, युनिटांची नावं झाकून. आणि पुढची जेआर-१ बॅच आल्यावर आठव्या आठवड्यात, त्याच निरीक्षकांनी, टिक करण्याच्या त्याच नियमांनी, प्रत्येक युनिटात सहा ओव्हर पुन्हा पाहा. शिकवलेली मुलं तोवर जेआर-२ झालेली असतील. कार्डावरचं त्यांनी खालच्यांना सांगितलं का, ते या चोवीस ओव्हरमध्ये दिसेल.